माडीवरची माडी : जुन्या उंच वाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर, कुठेही जा, पत्ता सांगताना गल्लीतल्या सगळ्यात उंच वाड्याचंच नाव आधी येतं. ‘हुड्याजवळ उतरा’, ‘माडीच्या वाड्याला वळसा घालून आत या’. चौसोपी घराच्या एका कोपऱ्यावर दोनतीन मजले चढवलेली चौकोनी माडी, किंवा गढीचा गोल हुडा म्हणजे बुरूज आणि त्याला लागून राहती घरं, असं त्यांचं रूप असतं. या वाड्यांबद्दलच्या पत्रांचा गठ्ठा मोठा झाल्याने यंदाचं सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : शहापुरात आमचा जांभ्या दगडाचा तीन मजली वाडा आहे. सात वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. आता आतल्या बाजूला कमरेइतक्या उंचीपर्यंत रंग सुटतो, पांढरी भुकटी पडते, दर दिवाळीला भिंत खरवडावी लागते. गवंडी म्हणतो, वॉटरप्रूफ केमिकल मारून पुन्हा सिमेंट करू. करावं का?

उत्तर : करू नका. त्या भुकटीला आपल्याकडे लोणा म्हणतात. जमिनीतलं पाणी जांभ्याच्या छिद्रांतून वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं. भिंत चुन्याची असताना ते पाणी दोन्ही अंगांनी सुकून निघून जायचं. बाहेरचं अंग सिमेंटने बंद झालं, म्हणून आता ते आतल्या बाजूने निघतं. जिथे सुकतं तिथे क्षारांचे स्फटिक होतात आणि फुगून रंग, गिलावा, पुढे दगडाचा पापुद्राही ढकलतात. केमिकलने आतली बाजूही बंद केली तर पाणी आणखी वर चढेल. कमरेइतकी ओल खांद्याला जाईल, एवढंच.

आधी बाहेर जाऊन रस्ता बघा. जुन्या गल्ल्यांत काँक्रीटवर काँक्रीट चढून रस्ता वाड्याच्या जोत्याच्या बरोबरीला किंवा वर आलेला असतो आणि पावसाचं पाणी सरळ भिंतीत जातं. भिंतीलगत ३० सेंमी रुंदीची चर खणा, तिचा तळ आतल्या जमिनीपेक्षा १५ ते २० सेंमी खाली ठेवा, २० ते ४० मिमीची खडी भरा आणि गटाराकडे १०० ला १ उतार द्या. सगळी चर एकदम खणायची नाही. एक सव्वा मीटर खणून भरायची, एक तुकडा सोडायचा, मग पुढची. पायाच्या तळाखाली कुदळ जाऊ देऊ नका, नाहीतर ओल घालवताना कोपराच खचेल.

नंतर गिलावा. काठीने ठोकून जिथे पोकळ आवाज येतो तिथला सिमेंट गिलावा छोट्या छिन्नीने काढा. घट्ट बसलेला ओरबाडला तर दगडाचं तोंड त्याच्याबरोबर येतं. तो एकदोन पावसाळे राहू द्या, बहुधा आपणच सुटतो. आतून ओलीच्या रेषेच्या वर ५० सेंमीपर्यंत गिलावा उतरवा, दरजा (दगडांमधले सांधे) २० ते २५ मिमी खोल उकरा आणि कोरड्या ब्रशने झाडा. धुवायचं नाही, धुतलं की क्षार पुन्हा आत जातात. कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात कालवून १५ ते २० मिमी जाड थापा, दोनतीन आठवडे पूर्ण सुकू द्या, काढून फेका. असं दोनतीनदा करा. लगद्यावर पांढरं येईनासं झालं की भिंत गिलाव्याला तयार.

जमिनीलगतच्या पट्ट्यासाठी माप असं : भिजवलेला चुना १, सुरखी (विटांची भुकटी) १, वाळू २. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी. जास्त भाजून काळ्या पडलेल्या विटांची भुकटी नुसती भर होते, तिला चुन्याशी लागणारी पकड नसते. १० चौरस मीटर भिंतीला २० मिमी गिलाव्यासाठी साधारण ८० लिटर चुना, ८० लिटर सुरखी, १६० लिटर वाळू लागते. वाळू काचेच्या बरणीत पाणी घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. वर साचलेला गाळ वाळूच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर ती धुवून घ्या. एम सँड (दगड दळून केलेली वाळू) असेल तर ही तपासणी दुपटीने जरुरीची. एका थराची जाडी १२ मिमीच्या वर नको, पहिला थर हाताला कडक लागल्याशिवाय दुसरा नको, आणि सात ते दहा दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. वैशाखातल्या उन्हात चुना सुकतो पण धरत नाही, आठ दिवसांत जाळीसारख्या भेगा पडतात. वर ऑइल पेंट किंवा ॲक्रिलिक लावलं तर सगळं मुसळ केरात. चुन्याचे पातळ तीनचार हात द्या.

हा खालचा गिलावा दहाबारा वर्षांनी खराब होईल. व्हायलाच हवा. क्षार त्याने खायचे, दगडाने नाही.

प्रश्न : चुना घरी भिजवता येतो का? आमच्याकडे संकेश्वर भागात जुनी माणसं गूळ घालायला सांगतात. किती घालावा?

उत्तर : येतो. कळीचा चुना ताजा, ढेकळांत, वजनाला हलका असावा. पिंपात पडून पीठ झालेला चुना हवेनेच मेलेला असतो, तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. जमिनीतल्या हौदात चुन्याच्या अडीच ते तीनपट पाणी आधी घ्या आणि चुना पाण्यात टाका. चुन्यावर पाणी ओतायचं नाही. ढेकळं उकळून उडतात, डोळ्यात गेलं तर नजर जाते. चष्मा, रबरी हातमोजे आणि पोरांना दूर ठेवणं, तिन्ही सक्तीचं. एका किलोचा साधारण दोन ते अडीच लिटर लगदा होतो. चाळून घ्या, वर चार बोटं पाणी राखा आणि १५ दिवस तरी हौद उघडू नका. शेवटच्या गुळगुळीत हातासाठी तीन महिने मुरलेला चुना वेगळाच लागतो.

गुळाने चुना हाताला मऊ होतो, पाणी कमी लागतं. पण आपल्या पट्ट्यात गूळ घरचाच म्हणून हात सैल सुटतो. चुन्याच्या वजनाच्या एकदोन टक्क्यांपुढे गेलात तर गिलावा आठवडाभर धरत नाही आणि मुंग्या लागतात. गूळ पाण्यात विरघळवून, गाळून घाला. हिरड्याचं पाणी, बेलाचा गर, मेथी, उडीद यांचेही घरोघरी वेगळे पाठ आहेत. चौरस मीटरभर नमुना करून महिनाभर बघा, पसंत पडला तर पुढे जा.

सीमाभागातली एक गफलत इथेच सांगून टाकतो. मराठीत गारा म्हणजे कालवलेली माती, कन्नडमध्ये गारे म्हणजे चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा. मालक ‘गारा’ म्हणतो, गवंडी ‘गारे’ ऐकतो आणि मातीच्या दरजांत सिमेंट भरलं जातं. कामाच्या कागदावर ‘चुना’ आणि ‘सुण्णा’ दोन्ही लिहा.

प्रश्न : अथणी तालुक्यातल्या आमच्या वाड्याच्या हुड्याला वरून खाली भेग गेली आहे. वरती बोटभर, खाली केसाएवढी. दोनदा सिमेंटने भरली, तिसऱ्यांदा शेजारी नवी पडली. पाडावा लागेल का?

उत्तर : भेग कशी वागते ते न बघता पाडण्याची भाषा करू नका. वर रुंद आणि खाली निमुळती भेग बहुधा एक कड किंवा कोपरा खचून बाहेर झुकत असल्याचं सांगते. उलट असती तर भिंतीचा मधला भाग बसतोय असा अंदाज करता आला असता.

अथणीकडे काळी जमीन. उन्हाळ्यात ती आक्रसते, पावसाळ्यात फुगते, आणि उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. चैत्र-वैशाखात भेग उघडते, श्रावणात मिटू बघते. तुम्ही ती उन्हाळ्यात, सगळ्यात रुंद असताना, सिमेंटने भरलीत. पावसाळ्यात माती फुगून भेग मिटायला आली तेव्हा मध्ये कडक पाचर बसलेली होती. मग भिंत शेजारी फुटली. नवी भेग तुमच्या दुरुस्तीची आहे.

आता एक वर्ष मोजा. भेगेच्या दोन्ही अंगांना दगडात एकेक पितळी स्क्रू बसवा आणि दर अमावास्येला व्हर्नियर कॅलिपरने त्यांच्यातलं अंतर लिहून ठेवा. असे जोड खाली, मध्ये आणि वर हवेत. त्याशिवाय प्रयोगशाळेत वापरतात त्या काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने आडव्या चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी गिलाव्यावर नको, दगडावर. नाहीतर गिलावा सुटला की वाटतं भिंत हलली.

मोजणी चालू असतानाच पाण्याचा बंदोबस्त करा. हुड्याभोवती दीड मीटर रुंद फरसबंदी बाहेरच्या उताराने घाला. गळका नळ, न्हाणीचं सांडपाणी, भिंतीलगतचं केळीचं आळं, सगळं हलवा. हुड्याच्या उंचीइतक्या अंतरातलं मोठं झाड उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढतं. पण ते एकदम तोडलं तर माती उलट फुगते, म्हणून दोनतीन वर्षांत फांद्या कमी करत न्या.

वर्षाअखेर भेग नुसती उघडझाप करत असेल आणि मूळ मापावर परत येत असेल तर माघात, मध्यम रुंदीला, चुना-सुरखीने भरा. दरवर्षी थोडी थोडी वाढतच असेल तर जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनियर गाठा. मजल्याच्या पातळीवर समोरासमोरच्या भिंती लोखंडी ताणपट्ट्यांनी बांधायच्या का आणि किती जाडीच्या, हे हिशेबाने ठरतं.

अजून एक तपासणी आजच करा. वरून ओळंबा सोडा आणि दर ६० सेंमीला दोरी ते भिंत अंतर मोजा. असल्या भिंती दुपदरी असतात. बाहेर घडीव दगड, आत घडीव दगड, मध्ये माती आणि चिपांची भर. आरपार दगड कमी असले की भर खाली दबते आणि बाहेरचा पदर पोट काढतो. भेगेपेक्षा हे वाईट, कारण ते डोळ्याला दिसत नाही आणि पडतं तेव्हा एका रात्रीत पडतं. पोट पदराच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शावर गेलं असेल तर खालची वहिवाट थांबवा, टेकू लावा, मग इंजिनियरला फोन करा. क्रम हाच.

प्रश्न : निपाणीत आमची गल्लीतली सर्वांत उंच माडी. दाब चांगला मिळेल म्हणून मुलगा तिच्यावर १००० लिटरची टाकी बसवतोय. मला भीती वाटते.

उत्तर : तुमची भीती बरोबर आहे. भरलेली टाकी म्हणजे एक टन, आणि ती उभी राहते जेमतेम एक चौरस मीटरवर. आजच्या भारतीय मानकात राहत्या घराच्या जमिनीसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. म्हणजे पाचपट. तोही तुळयांवर, ज्यांची भिंतीतली टोकं कोणी पन्नास वर्षांत बघितलेली नाहीत.

टाकी वाड्यापासून सुट्या लोखंडी स्टँडवर, स्वतःच्या पायावर बसवा. दाब हवाच असेल तर छोटा प्रेशर पंप लावा. माडीवर काहीच ठेवायचं नसेल तरी तुळयांची टोकं तपासा. भिंतीलगत पेचकस दाबून पाहा. सागात तो २-३ मिमीच्या पुढे जाता कामा नये. ‘फस्स’ करून बोटभर गेला तर टोक कुजलंय. दुरुस्तीत कुजका भाग कापून त्याच जातीचं सुकं लाकूड तिरक्या सांध्याने आणि बोल्टने जोडतात. नवं टोक भिंतीत बसवताना भोवती १५ ते २० मिमी हवा खेळायला जागा सोडा. तिथे सिमेंट भरणारा गवंडी बहुसंख्य आणि तेच टोक पुन्हा कुजायचं पहिलं कारण. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर आयमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटरभर पाण्यात २.१ मिली, हे प्रमाण नेहमीचं. काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या, विहिरीजवळ नको.

अथणी-विजापूरकडच्या वाचकांनी माळवदाबद्दल, म्हणजे मातीच्या सपाट छपराबद्दल, हाच हिशेब मांडावा. दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतात, जुना कोणी काढत नाही. १० सेंमी माती चौरस मीटरला १६० ते १८० किलो, भिजली की जास्त. नवा थर टाकायच्या आधी तेवढाच जुना खरवडा.

प्रश्न : खानापूर. माडीचं छप्पर मंगलोरी कौलांचं, चौपाखी. दरवर्षी शाकारणी करूनही माडीची भिंत खालच्या छपराला मिळते तिथेच गळतं.

उत्तर : कौलांचा दोष नाही, सांध्याचा आहे. माडीच्या उभ्या भिंतीवरून ओघळणारं सगळं पाणी त्या रेषेवर उतरतं. तिथे सिमेंटचा ओठ केलेला असणार. कौलं उन्हात हलतात, भिंत हलत नाही, ओठ पहिल्याच वर्षी चिरतो. त्याऐवजी धातूचा पत्रा भिंतीवर १५ सेंमी चढवा, वरची कड २५ मिमी खोल खाचेत घालून खाच चुन्याने भरा आणि खालची कड कौलांवर मोकळी सोडा.

बाकी थोडक्यात. फुटकी कौलं बदलताना कारखाना बघा. दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत आणि तीच फट आषाढात वाऱ्याने पाणी ओढते. चौरस मीटरला साधारण १५ कौलं. रिपांचं (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्यांचं) अंतर ३२ सेंमीच्या आसपास, पण आधी हातातलं कौल लावून बघा. पश्चिमेकडच्या कडेची कौलं तारेने रिपेला बांधा. माणसाने कौलावर पाय न देता फळी टाकून फिरावं. शाकारणी वळवाच्या आधी उरका. मृगाच्या तोंडावर बोलावलेला माणूस चार घरं एका दिवसात करतो, आणि ते दिसतं.

प्रश्न : इतिहासाची विद्यार्थिनी आहे. उंच राहतं घर बांधायची हौस आपल्याकडेच होती का?

उत्तर : हौस कमी, वचक आणि नजर जास्त. इटलीतल्या बोलोन्यात बाराव्या-तेराव्या शतकांत श्रीमंत घराण्यांनी चढाओढीने मनोरे बांधले. तिथला असिनेल्ली ९७ मीटर, शेजारचा गारिसेंडा ४८. गारिसेंडाखालची जमीन बसली आणि तो इतका कलला की चौदाव्या शतकात वरचा भाग उतरवावा लागला. त्याच्या भिंतीही दुपदरीच, मध्ये भर. ऑक्टोबर २०२३ मध्ये धोका दिसल्यावर भोवतालचा भाग बंद करण्यात आला. अथणीच्या पत्रातला हुडा आणि हा मनोरा, दुखणं एकाच जातीचं.

जवळचं उदाहरण विजापूरचा सात मंजिल, आदिलशाहीतला. वरच्या मजल्यांवर पाण्याचे नळ आणि हौद नेलेले होते, पण दगडचुन्याच्या भरभक्कम बांधकामात, लाकडी पाटणीवर नाही. (निपाणीच्या चिरंजीवांनी नोंद घ्यावी.) पुण्याच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ मध्ये झाली. १८२८ च्या आगीत वरचे लाकडी मजले गेले, दगडी जोतं आणि तटबुरूज राहिले. आपल्या माड्यांचीही हीच रचना : खाली दगड, वर लाकूड. म्हणून जुनी कापडी वायर, लाकडी पट्टीतली वायरिंग आणि देवघरातलं नंदादीप-तोरण यांची तपासणी गळतीच्या आधी करावी, गळती वाडा पाडायला वर्षं घेते.

प्रश्न : हुड्याच्या दगडांतून पिंपळ उगवलाय. मीठ किंवा ॲसिड ओतून मारावा म्हणतात.

उत्तर : दोन्ही नको. मिठाने लोणा, ॲसिडने चुना जातो, पिंपळ मात्र फुटतोच. ओढून उपटायचाही नाही, मुळाबरोबर दगड येतात. रोप बोटाएवढं असेल तर पावसाळ्यात, दरजा मऊ असताना, चुना उकरून मुळासकट काढा. मनगटाएवढं झालं असेल तर खोड कापा, वरच्या दगडांवर खडूने आकडे घाला, फोटो काढा, तेवढेच थर उतरवून मूळ काढा आणि आकड्यांप्रमाणे चुन्यात पुन्हा बसवा. हुड्याच्या माथ्यावर चुन्याचा उतरता थर दिला की पक्ष्यांनी टाकलेल्या बिया रुजायला खाच उरत नाही.

प्रश्न : बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीजवळ घर आहे. दुरुस्तीलाही परवानगी लागते का?

उत्तर : लागते. कमल बस्ती हे जैन मंदिर केंद्राच्या संरक्षित स्मारकांत येतं. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत नियंत्रण, असं १९५८ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीने ठरवलं आहे. मनाईच्या पट्ट्यातल्या जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणामार्फत. मजला वाढवणं दुरुस्तीत बसत नाही. अर्जासोबत सिटी सर्व्हे उतारा, चारही बाजूंचे तारखेसह फोटो, आहे तसा नकाशा आणि करायचा तसा नकाशा जोडा. उताऱ्यावर आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंदीपासून सुरुवात करा. बहुतेक अर्ज तिथेच अडतात, चुना-सिमेंटापर्यंत पोचतही नाहीत.

प्रश्न : उंच माडीवर वीज पडेल का?

उत्तर : आसपास सगळ्यात उंच तीच असेल तर शक्यता जास्त. माथ्यावर दांडा, तिथून समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून २५ बाय ३ मिमीच्या दोन तांब्याच्या पट्ट्या खाली, वाटेत काटकोनी वळण नाही, आणि अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत. पट्टी तुळईच्या टोकाजवळून नेऊ नका. अर्थिंग दरवर्षी वळवाच्या आधी, मार्चमध्ये, मोजून घ्या. तांबं चोरीला जातं, तेव्हा खालचे दोन मीटर पीव्हीसी पाइपात घालून ठेवा.